फेलिस्मिनाचा फावला वेळ

"खाली लाव, मिना. आणखी खाली. तुला एकटीला गायचंय का? मागे वीस बाया उभ्या आहेत, त्यांना चढायला जागा ठेव."

इदालिनाचा हा आवाज फेलिस्मिनाच्या कानात केव्हाही उठे. पावाचं पीठ मळताना, चुन्याच्या बादलीत ब्रश बुडवताना, कधी भर मिस्सामध्ये. इदालिनाला जाऊन तीन महिने झाले होते, पण आवाजाला त्याचं काही नव्हतं. आताही तो आला. टेबलापलीकडे तालुक्याहून आलेली समाजसेविका पेन उघडून बसली होती, बाजूला मुलगा रोजेरिओ पाय हलवत होता, आणि दोघंही फेलिस्मिनाच्या तोंडाकडे बघत होती. तिनं आवाज खाली आणला आणि मग उत्तर दिलं.

"नाही. छंद वगैरे मला काही नाही."

समाजसेविकेचं नाव तेल्मा. वय असेल तिशीचं. दाराच्या दोन फळ्यांपैकी एकच उघडी होती, दुसरीला वर्षानुवर्षं खालून कडी. त्या फटीतून आपली भलीमोठी पिशवी आडवी करून ती आत शिरली होती. रोजेरिओ सेतुबालला बस चालवतो, त्याला शनिवारशिवाय सवड नाही, म्हणून बिचारी सुट्टीच्या दिवशी आली होती. अर्ज रोजेरिओनंच केला होता. त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आईला जागा मिळावी, एवढंच त्याचं मागणं. जागा एक, मागणारे पुष्कळ. ज्याचं एकटेपण जास्त भरेल त्याचा नंबर आधी. एकटेपण भरायचं ते या कागदावर.

"पुढचा प्रश्न," तेल्मा म्हणाली आणि वाचू लागली, "आपण फावल्या वेळेत कोणकोणत्या सामूहिक उपक्रमांत सहभागी होता?"

फेलिस्मिनानं त्या कागदाकडे बघितलं. भाषा आपलीच, जन्मापासूनची पोर्तुगीज. पण कागदावर चढली की ती कडक इस्त्रीची कापडं घालून येते आणि ओळख दाखवत नाही.

"म्हणजे असं बघा, दोना फेलिस्मिना," तेल्मानं कागद खाली ठेवला. "रिकाम्या वेळात तुम्ही कुणाबरोबर काही करता का? व्यायामाचा वर्ग, चित्रकला, सहली, पत्ते?"

"रिकामा वेळ कुठून आणू, पोरी? चार वाजता उठते मी."

"मग उपक्रम?"

"नाही."

तेल्मानं दोन्ही चौकटींत फुली मारली. रोजेरिओनं श्वास सोडला. तो श्वास फेलिस्मिनानं ऐकला. सुटल्याचा होता, आणि त्यात थोडी लाजही होती. आपण काहीतरी चुकीचं बोललो, हे तिला त्या श्वासावरूनच कळलं.

दाराच्या उघड्या फळीला टेकून शेजारीण झुल्मिरा केव्हाची उभी होती. हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती देण्याचं निमित्त काढून आलेली. पण दिली की जावं लागेल म्हणून देत नव्हती.

"बाई, लिहा की, हिला छंद आहे एक," झुल्मिरा म्हणाली. "वाद घालायचा."

"झुल्मिरा मावशी, जरा थांबा ना," रोजेरिओ म्हणाला.

"मी थांबलेलीच आहे बाबा. अर्धा तास झाला. आणि मिना, दर गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ तू घसा फोडतेस, ते काय मग? मला उगाच वाटत होतं ओळीत माझ्या शेजारी कुणीतरी गातंय."

"ते?" फेलिस्मिनाला खरंच नवल वाटलं. "तो काय छंद आहे?"

तेल्मा मान वर करून बघू लागली. "तुम्ही गाता?"

"आम्ही सगळ्याच गातो."

"गट आहे? किती जणी?"

"आता अकरा. इदालिना होती तेव्हा बारा होतो."

तेल्मानं पेन बोटांत फिरवलं. पोरगी सरळ होती. नियमानं जे सांगायचं ते तिनं सांगून टाकलं. "हे आधी का नाही बोललात? असा गट असला तर एकटेपणाचे गुण उतरतात. आत्ता मी मारलेल्या फुल्यांनी तुमचा नंबर पहिला लागतोय. सोमवारी फोन आला तर आठवड्यात तुम्हाला जावं लागेल. गाण्याचं लिहिलं तर नंबर खाली जाईल, बहुधा लागणारच नाही. तुमचं तुम्ही ठरवा. मला फक्त खरं लिहायचंय."

"आईनं उत्तर दिलंय ना," रोजेरिओ म्हणाला. "छंद नाही म्हणाली ती. संपलं."

फेलिस्मिनानं टेबलावरचे पावाचे कण तळहातानं गोळा केले आणि ताटलीत टाकले. एकतीस वर्षं गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली बाई ती. रिकामा हात तिला ठेवता येत नसे. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं की फावला वेळ आहे असं सांगणं म्हणजे आळशी आहे असं सांगणं. आणि गाणं तर कामाच्या आतलंच. विळा चालला की गाणं चालायचं, मिस्सा चालला की गाणं चालायचं, मयताच्या घरून परततानासुद्धा चालायचं. त्याला चौकटीत कसं बसवायचं? पण 'नाही' म्हणताना आपण इदालिनालाच 'नाही' म्हटलं, असं तिला वाटलं.

इदालिनालाही असाच कागद आला होता, दोन वर्षांपूर्वी. तिनं हौसेनं सगळ्या चौकटींत होकार भरला, तरी सुनेनं तिला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवलंच. स्वच्छ जागा, पांढरी चादर, तीन वेळचं जेवण. दाराला आकड्यांचं कुलूप. फेलिस्मिना बुधवार आड बुधवार बसनं तिला भेटायला जाई. इदालिना तिथे कागदाची फुलं चिकटवत बसे. एकदा फेलिस्मिनानं हळूच गाणं उचललं, तेव्हा एक मुलगी धावत आली. इतर लोक टीव्ही बघताहेत म्हणाली. अगदी गोड बोलून म्हणाली.

नातवाच्या ऑपरेशनच्या वेळी इदालिनानं नवस बोलला होता. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डोंगरावरच्या मारियामाउलीच्या चॅपेलला पायी जाईन, विहिरीपासून पुढे अनवाणी, आणि दारात उभी राहून माउलीचं गाणं म्हणेन. नातू उठून चालू लागला. पण मे आला तेव्हा इदालिना आकड्यांच्या कुलपामागे होती. अकरा किलोमीटर चालायचं म्हटल्यावर तिथली बाई म्हणाली, "जबाबदारी कोण घेणार, आजी?" नवस राहिला. या फेब्रुवारीत, जायच्या आदल्या बुधवारी, तिनं फेलिस्मिनाचं मनगट धरलं. डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं.

"माझं फेडशील?"

"फेडीन."

त्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं: ज्याचा नवस राहिला त्या जिवाला विसावा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो फेडावा लागतो. फेडणाऱ्यानं घरून निघाल्यापासून चॅपेलच्या दारापर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, आणि चालताना आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडायची. मेलेलं माणूस त्या जागेतून बरोबर चालत असतं. आणि फेडून होईपर्यंत कुणासाठी जाणार ते सांगायचं नाही.

मे महिन्याचा दुसरा रविवार उद्या होता.

"पोरी," फेलिस्मिना म्हणाली, "तो प्रश्न मला पुन्हा विचार."

"कोणता?"

"तो लोकांबरोबर काय करते, तो. पण फावल्या वेळेचं सोडून विचार."

तेल्मानं रोजेरिओकडे बघितलं, मग कागदाकडे. "तुम्ही लोकांबरोबर काय काय करता?" तिनं सरळ विचारलं. एवढ्या सरळ भाषेत तिनं हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच विचारला असावा.

"लिहून घे. गुरुवारी आम्ही अकरा जणी गातो. मी सुरुवात करते. एकटीनं एक ओळ म्हणायची, मग दुसरीनं वरचा सूर घेऊन ती उचलायची, मग सगळ्यांनी. उचलायचं काम इदालिनाचं होतं. आता अमेलिया करते. जमत नाही तिला, तरी करते. लिहिलंस?"

"चौकट लहान आहे हो."

"मग बाजूला लिही. सोमवारी आम्ही चौघी वेदीची वस्त्रं धुतो. शुक्रवारी मी उपास धरते, ते एकटीचं आहे, ते नको. मंगळवारी झुल्मिराच्या पायाला मलम चोळते."

"हा कुठला उपक्रम काढलास?" झुल्मिरा दारातून म्हणाली. "आणि गावभर पाय दाखवू नकोस माझे."

"सामूहिकच आहे. तू कुरकुरतेस, मी चोळते."

तेल्माला हसू आवरलं नाही. कागदाच्या कडेनं वर वर चढत ती लिहीत राहिली.

"आणि सगळ्यात आधीचं लिही," फेलिस्मिना म्हणाली. आवाज अजून खालीच होता. शाळेच्या स्वयंपाकघरात पातेल्यांच्या गोंगाटातही तो कधी चढला नव्हता. "मी सोळा वर्षांची होते. जमीनदाराच्या शेतावर गव्हाची कापणी. बावीस बाया ओळीनं, डाव्या हाताच्या बोटांत वेताच्या नळ्या, विळा लागू नये म्हणून. तेव्हा आठ तासांच्या कामावरून सगळीकडे कुजबुज चाललेली. मुकादमानं सांगितलं, आजपासून शेतात गाणं बंद. गाता गाता बाया एक होतात म्हणाला. बरोबरच बोलला तो."

"आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस," रोजेरिओ म्हणाला.

"तू कधी विचारलंस? दुपारपर्यंत आम्ही गप्प. नुसता विळ्यांचा आवाज. कुणीतरी मेल्यासारखं वाटायला लागलं. आणि मी सुरुवात केली. भीतीनं इतका वर सूर लागला की कोंबडीच ओरडली जणू. त्यावरून पुढं कुणाला गाताच आलं नसतं. पण शेजारी इदालिना होती. तिनं तो तसाच्या तसा उचलला. कसा उचलला तिलाच माहीत. मग सगळ्या आल्या. मुकादम घोडा दामटत आला. सुरुवात कुणी केली, विचारतो. बावीस तोंडं, एकही उघडलं नाही. सगळ्यांना शेताबाहेर काढलं. आम्ही गात गात घरी आलो. तिसऱ्या दिवशी दाणे गळायला लागले तेव्हा त्यानं माणूस पाठवून परत बोलावलं. गाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याच संध्याकाळी इदालिना मला म्हणाली, खाली लावत जा."

तेल्माचं पेन थांबलं होतं. "हे कुठल्या रकान्यात घालू?"

"ते तू शिकलेली आहेस, तू बघ."

रोजेरिओ उठला. उंच माणूस, त्या स्वयंपाकघरात उभा राहिला की धुराड्याच्या खालच्या कडेला डोकं लागायचं. आजही लागलं. "सगळं खरं आहे, आई. पण जानेवारीत तू अंगणात पडलीस, दोन तास थंडीत पडून होतीस, ते पण खरं आहे. ते लिहिलं का कुणी?"

"लिही," फेलिस्मिना तेल्माला म्हणाली. "पाच वाजता पडले. सात वाजता गायला आले नाही म्हणून दहा जणी शोधत आल्या. झुल्मिरानं मला उचललं आणि वर शिव्या दिल्या."

"दिल्याच. ऑलिव्हचं लाकूड आणायला तिन्हीसांजेला कोण जातं?"

"तो गुरुवार होता!" रोजेरिओचा आवाज फुटला. "शुक्रवार असता तर?"

चुलीवरच्या भांड्यात लसूण घातलेलं पाणी उकळत होतं, त्याचा तेवढा आवाज. फेलिस्मिनाला खोटं बोलता येत नसे, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर तिलाही ठाऊक होतं.

"शुक्रवार असता तर सकाळपर्यंत पडून राहिले असते," ती म्हणाली. "कदाचित उठले नसते."

"मग?"

"मग काय. माझ्या अंगणात मेले असते. बाबा, तुझी भीती मला कळते. मी तुला एकटीनं वाढवलंय, भीती काय असते ते मला नको शिकवूस. पण तुला माझ्या पडण्याची भीती आहे, आणि मला त्या दाराची. इदालिना तिथे एकदाही पडली नाही. दिवसातून तीनदा तपासत तिला. चुकूनही पडली नाही. आणि दीड वर्षात एकदाही गायली नाही."

रोजेरिओ खाली बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

तेल्मानं बेरीज केली. पहिल्या दोन फुल्यांवर तिरकी रेघ मारून बाजूला सही केली. "अशानं नंबर लागणार नाही," ती म्हणाली. "तरी मुलाचा अर्ज म्हणून पुढे पाठवता येतो. त्यांच्या घरी राहायला गेलात, पत्ता बदलला, तर गट राहत नाही. मग पुन्हा गुण चढतात. पण काहीही करायचं तर इथे खाली तुमची सही लागेल. तुमचीच. त्यांची चालणार नाही."

म्हणजे वाट अजून उघडी होती. रोजेरिओनं आईकडे पेन सरकवलं. जोरानं नाही, ताटातली वाटी सरकवावी तसं.

फेलिस्मिनानं पेन उचललं, त्याचं टोपण शोधलं, ते बसवलं आणि पेन तेल्मापुढे ठेवलं.

"कागद राहू दे इथे," ती म्हणाली. "जेवून जा. आसोर्दा केलाय. झुल्मिरा, आता तरी दे ती कोथिंबीर."

चौघंही जेवली. लसणाच्या गरम पाण्यात भिजलेला कालचा पाव, वर कोथिंबीर आणि प्रत्येकाला एक अंडं. जेवताना तेल्मानं विचारलं, "गुरुवारी मी ऐकायला आले तर चालेल का?" कामाचं नव्हतं ते, सहज विचारलेलं होतं.

"ऐकायला नको. आमच्यात नुसतं ऐकत कुणी बसत नाही. ओळीत उभी राहा."

"मला सूर नाही."

"अमेलियाला तरी कुठे आहे," झुल्मिरा म्हणाली.

रोजेरिओ हसला नाही. त्याची परतीची वेळ रविवारी दुपारची होती. आज रात्री तो आपल्या जुन्या खोलीत झोपणार होता. तेल्मा गेल्यावर त्यानं तो कागद पावाच्या टोपलीखाली सारला. फेकला नाही, खिशातही घातला नाही. फेलिस्मिनानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. भांडी विसळून ती जपमाळ घेऊन बसली, दहा-दहा मण्यांची पाच आवर्तनं पुरी केली, शेवटची प्रार्थना इदालिनाच्या नावानं म्हटली आणि निजली.

सकाळी गल्लीतल्या चुना मारलेल्या भिंती नुकत्या उजळू लागल्या होत्या. तिनं काळा स्कर्ट घातला, डोक्याला रुमाल बांधला. रुमाल इदालिनाचा, तिच्या सुनेनं वृद्धाश्रमातल्या पिशवीतून काढून दिलेला. एका फडक्यात पाव, मूठभर ऑलिव्ह आणि मेणबत्ती गुंडाळली. पडल्यापासून वापरायला लागलेली काठी घेतली.

"आई."

रोजेरिओ खोलीच्या दारात उभा होता, बनियनवर, केस विस्कटलेले.

"कुठे निघालीस?"

फेलिस्मिनानं त्याच्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

"अगं, विचारतोय मी. काल केवढं बोललीस, आणि आता... गाडीनं सोडू का? कुठे जायचंय सांग तरी."

ती दाराकडे निघाली. स्वयंपाकघर म्हणजे चार पावलांचं. एरवी ती टेबल आणि डाव्या भिंतीच्या मधून सरळ जात असे. आज ती उजवीकडे टेबलाला अंग घासून गेली, खुर्चीला अडखळली, तरी डावीकडची जागा तिनं मोकळी ठेवली. काठीसुद्धा उजव्या हातात होती.

रोजेरिओ त्याच गावात वाढला होता. त्यानं तिच्या डाव्या हाताकडच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग डोक्यावरच्या रुमालाकडे. तो पुढे आला, आणि फेलिस्मिनाला वाटलं, हा आता दारात उभा राहणार. तिनं काठी घट्ट धरली. अडवलं असतं तर ती याच काठीनं बाजूला सारून गेली असती, पोटच्या पोराला, आणि तेही न बोलता.

तो दाराशी गेला. खाली वाकला. दुसऱ्या फळीची कडी गंजून बसली होती. ती आधी हलेना. त्यानं टाचेनं दोनदा मारून ती वर काढली आणि दाराची दुसरी फळीही उघडली. मग भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, जेवढं होता येईल तेवढं बाजूला होऊन उभा राहिला.

फेलिस्मिना उजव्या फळीच्या कडेकडेनं बाहेर पडली, उंबऱ्यावर एका पावलापुरती थांबली, आणि डोंगराच्या रस्त्याला लागली.